तीन मडक्यांचं पाणी

श्रावणातल्या सोमवारी सकाळी काचेच्या पेटीतले अकरा मासे मेले. दुपारी आईनं पाणी भरणाऱ्या हौसाबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माझा भाऊ वसू नऊ वर्षांचा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बदली सांगलीला झाली म्हणून गावभागात नदीपासून जवळ दोन खोल्या घेऊन राहिलो होतो. साताऱ्यात कासच्या तलावाचं पाणी नळाला यायचं. ते कुणी गाळत नसे, त्याबद्दल कुणी बोलतही नसे. सांगलीत आल्यावर पाणी हा घरातला रोजचा विषय झाला. आषाढ लागला की कृष्णेचं पाणी चहासारखं दिसू लागे. आई कळशीत तुरटी फिरवायची, तळाशी बोटभर गाळ बसायचा आणि वरचं पाणी फडक्यातून हंड्यात जायचं. तांब्याचा तो हंडा आणि त्याच्या जोडीचं घंगाळ आईला माहेरहून मिळालेलं होतं. चिंच आणि राख लावून ती दोन्ही भांडी इतकी घासायची की त्यात तोंड दिसावं. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी सगळ्यात शुद्ध, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते होतं.

त्या वर्षी वसूला सांधेताप झाला. ताप उतरला, पण डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की पोरानं सहा महिने खाटेवरून उतरायचं नाही, धावणं तर सोडाच, आणि मीठ बंद. आईनं सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी सुरू केला, वसूला एकट्याला वेगळं वाटू नये म्हणून. आम्ही त्याच्या खाटेशेजारी बसून अळणी आमटी-भात खायचो आणि मग एकेक करून स्वयंपाकघरात जाऊन चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचो. अण्णा कचेरीतून येताना बाहेर भडंग खाऊन यायचे. त्यांच्या मिशीला लसणाचा वास यायचा आणि वसू खाटेवरून म्हणायचा, "अण्णा, आज कचेरीत फोडणी कुणी दिली?"

खाटेवर पडून तो खिडकीतून दिसणारा भिंतीचा तुकडा बघायचा. पुस्तकं मी वाचून दाखवायची, पण माझं वाचणं त्याला लवकर कंटाळवाणं व्हायचं. हौसाबाईचं बोलणं मात्र त्याला पुरत नसे. हौसाबाई आमच्याकडे नदीचं पाणी भरायची. हरिपूरची होती, पंचविशीची असेल, नवरा गणपत लढाईवर गेलेला. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी अशी ती आली की दारातूनच वसूला नदीची खबर द्यायची. आज पाणी कुठल्या पायरीला लागलं, कुणाची म्हैस वाहून चालली होती, कुठल्या सासूनं घाटावर सुनेला काय म्हटलं. वसू विचारायचा, "आणि मासे? मासे दिसले का?" एक दिवस तिनं कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "दिसलं का म्हून काय इचारतोस? ह्ये बघ." कळशीत बोटाएवढे तीन मासे होते. पाठीवर काळी रेघ असलेले. तिनं लुगड्याचा पदर पाण्यात धरून ते पकडले होते.

आईनं तोंडाला पदर लावला. "अगं, आमच्या घरात मासे?"

"आवं वैनी, खायाला न्हवं, बगायला आनल्यात," हौसाबाई म्हणाली.

वसू त्या कळशीत बघत होता. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा असा झालेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. आईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. त्याच आठवड्यात अण्णांनी कचेरीतल्या मोडक्या कपाटाच्या काचा मिळवल्या, लोहाराकडून पट्ट्यांची चौकट करून घेतली आणि खिडकीच्या काचांना लावतात ते लुकण लावून पेटी तयार केली. पहिले दोन दिवस ती गळली, मग लुकण धरलं. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, "आज मासे पाळताय, उद्या दोरीवर बोंबील वाळत घालाल." अण्णा म्हणाले, "वाळले की तुम्हाला पहिला मान." काकू आठ दिवस आमच्याकडे आल्या नाहीत.

पेटी वसूच्या उशाशी ठेवली, पण तीत घालायला पाणी कुठलं, हा प्रश्न उभा राहिला. नदीचं तसंच ओतलं तर चहात मासे सोडल्यासारखं, आतलं काहीच दिसेना. आईनं सवयीनं तुरटी पुढे केली. हौसाबाई म्हणाली, "तुरटीनं मानसाचं त्वांड आक्रसतं, माशाचं न्हाई आक्रसायचं व्हय?" तिच्या माहेरी निवळीचं बी मडक्याच्या आत घासायचे, त्यानं गाळ बसतो, असं ती म्हणाली. मी शाळेच्या वाचनालयातल्या एका जुन्या आरोग्याच्या पुस्तकात तीन मडक्यांची गाळणी पाहिली होती. घडवंचीवर एकावर एक तीन मडकी, वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू आणि खडी, दोन्हींच्या बुडाला भोक आणि त्यात काथ्या, खालच्या मडक्यात गाळलेलं पाणी. अण्णांनी विचारलं, "मग यातलं कुठलं, मालू? आमची शास्त्रज्ञ तू आहेस." मी म्हटलं, "तिन्ही करून बघू."

आता या वयात त्या मुलीकडे बघताना मला तिचा अभिमान वाटतो आणि लगेच त्या अभिमानाची भीतीही वाटते. अण्णांनी वाण्याकडून गोळ्यांच्या तीन बरण्या आणल्या, कारण आईनं लोणच्याच्या बरण्यांना हात लावू दिला नसता. एकीत तुरटीचं पाणी, एकीत निवळीचं, एकीत मडक्यांचं. प्रत्येकीत एक मासा. बरण्या वसूच्या खिडकीत ठेवल्या आणि तो दिवसभर त्यांच्याकडे बघून मला सांगायचा, मी वहीत लिहायची. तुरटीचं पाणी सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वच्छ झालं, पण संध्याकाळी त्यातला मासा वर येऊन तोंड उघडायला लागला, म्हणून त्याला घाईनं काढला. निवळीचं पाणीही नितळ होतं, पण दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास आला. मडक्यांचं पाणी थेंबाथेंबानं यायचं, बरणी भरायला अर्धा दिवस लागला होता, पण त्यातला मासा तिसऱ्या दिवशीही बरणीभर फिरत होता. वसूनं खाटेवरून निकाल दिला. "मडकी जिंकली."

अण्णांनी ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना सांगितली. माझी वही त्यांनी एकदा बरोबरही नेली होती.

मग घडवंची खोलीच्या कोपऱ्यात आली आणि तिचा आवाज घराचा आवाज झाला. वसू थेंब मोजत झोपायचा. हौसाबाईनं आणखी मासे आणले, सगळे मिळून बारा झाले. गणपतची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची आणि मी ती हौसाबाईला वाचून दाखवायची, तिची उत्तरं मीच लिहायची. त्या पत्रांतून वसू लष्करातले हुद्दे शिकला होता, ते त्यानं माशांना दिले. सगळ्यात मोठा सुभेदार, मग जमादार, हवालदार, नाईक. सगळ्यात लहान होता तो शिपाई. "गणपतच्या नावाचा," वसू म्हणाला. हौसाबाई पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "लिव गं ताई त्यास्नी. म्हनावं, तुमी हितं पान्यात फिरताय." मी लिहिलं. सुभेदार शिपायाची शेपटी ओढायचा म्हणून शिपायाला आम्ही मडक्यांच्या पाण्याच्या त्या जुन्या बरणीत वेगळा ठेवला होता. तो तिथंच होता म्हणून सोमवारी अकराच मेले.

सोमवारच्या आधीच्या बुधवारी माझा धक्का लागून खालचं मडकं फुटलं. बाहेर पाऊस, नदी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेली, कुंभार बाजारात बसलेला नव्हता. मी आईचा हंडा मागितला. पिण्याच्या पाण्याला पितळी कळशा होत्या, आणि माशांसाठी का होईना, मुलगी स्वच्छतेनं करतेय म्हणून आईनं हो म्हटलं. मी हंडा चिंचेनं घासला, घंगाळही घासलं. हौसाबाई घागर उतरवता उतरवता थांबली.

"मडकंच बरं की गं. माझ्या घरात हाय एक, उद्या घिऊन येती."

"तांब्यातलं पाणी सगळ्यात शुद्ध असतं," मी म्हटलं. "देवसुद्धा तांब्यातलंच पितात."

"द्येव पित्यात गं. मासं कुटं द्येव हायेत?"

वसू हसला. मला राग आला. मला वाटलं, हिला वाचता येत नाही आणि ही मला पाण्याचं सांगते. मी म्हटलं, "तू पाणी आण, हौसाबाई. कशात साठवायचं ते मी बघते." हे वाक्य मी जसंच्या तसं इथं लिहिलं आहे. ते विसरायला मला पुष्कळ वर्षं मिळाली होती, पण विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मडकं आणलंच. डोक्यावर घागर असताना काखेत धरून, हरिपूरपासून. मी ते परसात पालथं घालून ठेवलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार पाणी हंड्यात ठिबकत राहिलं. हंडा भरला की घंगाळात ओतायची. पेटीच्या काचांवर हिरवट बुळबुळ धरली होती, म्हणून रविवारी मी मासे बादलीत काढले, काचा पुसल्या आणि सगळं जुनं पाणी फेकून पेटी हंड्याच्या आणि घंगाळाच्या पाण्यानं भरली. इतकं नितळ पाणी त्या पेटीत कधीच नव्हतं. अण्णा म्हणाले, "मासे हवेत तरंगतायत असं वाटतं." सोमवारी पहाटे वसूच्या हाकेनं मी उठले. "ताई, ते झोपलेत का गं?" सगळे वर आले होते, आडवे. सुभेदाराचं पोट पांढरं दिसत होतं.

वसू रडला नाही, आणि तेच आईला सोसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोराला धक्का बसू देऊ नका. आईचा उपास होता, साबुदाणा भिजत पडला होता, तिनं त्याला हात लावला नाही. तिनं विचार केला आणि तिला कारण सापडलं. त्या आठवड्यात गावात पटकीची भीती होती आणि आमच्या गल्लीतल्या आडात लाल औषध टाकून गेले होते. नदीला पूर, घाटावर घोटाभर चिखल, आड मात्र दारात. हौसाबाई दुपारी आली तेव्हा आई दारातच उभी होती.

"पाणी कुठलं आणत होतीस?"

"नदीचं. दुसरं कुटलं आनीन?"

"एवढ्या चिखलातनं? खरं सांग. आडातलं ओतलंस ना?"

"आवं वैनी, गळ्याची आन. आडाचं पानी लाल हाय, तुमास्नी दिसलं नसतं व्हय?"

"कोळशातनं गाळल्यावर काय लाल राहतं?"

हौसाबाईनं माझ्याकडे बघितलं. पाणी रोज मी ओतत होते, तिच्या घागरीतलं पाणी चहासारखं होतं हे मी रोज बघत होते. मी तेवढं जरी म्हटलं असतं तरी पुरे होतं. तोवर मला कारण माहीत नव्हतं, एवढंच स्वतःच्या बाजूनं सांगता येतं. पण मला वाटलं, हिचं पाणी नसेल तर मग काय असेल? आणि त्या प्रश्नाच्या पुढे मी गेले नाही. तेवढ्यात आतून वसूचा आवाज आला. "तूच मारलेस माझे मासे. जा तू. परत येऊ नकोस."

तिनं घागर उचलली. भरलेली होती, ती तिनं उंबऱ्याबाहेर रिकामी केली. आमच्या डोळ्यांदेखत गढूळ पाणी अंगणातून वाहत गेलं.

गुरुवारी मी हंडा रिकामा करायला घेतला. आत पाण्याच्या रेषेवर हिरवट निळी कड धरलेली होती. मी ती बोटानं पुसली, जिभेला लावली. ती कडू, तुरट, थुंकूनही न जाणारी चव मला आजही आठवते. मग मी जे केलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी हंड्यातलं पाणी एका काचेच्या पेल्यात घेतलं, वसू झोपलेला असताना त्याच्या खिडकीतून शिपायाची बरणी काढून परसात नेली आणि शिपायाला पेल्यात सोडलं. मला कळायला हवं होतं. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले. दुपारची भांडी घासून होईपर्यंत तो आडवा झाला होता. मी त्याला हौसाबाईच्या पालथ्या मडक्यामागे पुरलं आणि वसूला सांगितलं, मांजरानं नेला.

तेव्हापासून मला माहीत होतं. आईला सांगायला पाच पावलं जायचं होतं. आईला मी भ्यायले नाही, ती रागावली असती आणि विसरली असती. भीती वसूची होती. हौसाबाईला "जा तू" म्हणाला त्या आवाजात तो मला काय म्हणेल, ही. आणि अण्णांच्या कचेरीत गेलेल्या त्या वहीचीसुद्धा.

भाद्रपदात गणपतचं पत्र आलं. आई म्हणाली, "देऊन ये बाई, त्या बिचाऱ्याचा काय दोष?" मी नदीकाठानं हरिपूरला चालत गेले. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं. हौसाबाई, तुझं पाणी चांगलं होतं, माझं भांडं चुकलं. चालताना ते मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती कुणाच्या तरी हळदीच्या शेतात भांगलत होती. मला बघून तिनं खुरपं टाकलं, हात लुगड्याला पुसले आणि बांधावर माझ्याजवळ बसली. "आदी सांग, वसूबाळ बरा हाय न्हवं?" मी हो म्हटलं आणि पत्र वाचायला लागले. गणपत बरा होता, जेवण मिळत होतं, थंडी नव्हती, आईला नमस्कार. शेवटी लिहिलं होतं, "साहेबांच्या मुलाचे मासे कसे आहेत? माझ्या नावाचा शिपाई मोठा झाला का ते कळवणे." मी तेही वाचलं.

हौसाबाईनं लुगड्याला चिकटलेली माती झटकली. मग म्हणाली, "लिव. शिपाई मोटा झाला म्हून लिव. लडाईवरच्या मानसाला मेल्याचं कशाला कळवायचं?"

मी कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं, शिपाई मोठा झाला. ती बघत होती. अक्षरं कळत नव्हती तरी ती नेहमी माझ्या हाताकडे बघत असे.

"ताई," ती म्हणाली, "म्या न्हाई गं आडाचं पानी आनलं. पायाला चिकल्या झाल्या, पर नदीचंच आनलं. तुला तरी पटतंय न्हवं?"

वाक्य तयार होतं. मी पत्राची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "उशीर होतोय. आई वाट बघत असेल."

ती उठून उभी राहिली. "व्हय, जा. चिकलातनं सावकाश जा," म्हणाली.

दिवाळीत अण्णांची बदली पुन्हा साताऱ्याला झाली. गणपत परत आला का, त्या उत्तरानंतर हौसाबाईची पत्रं कुणी वाचली, हे मला माहीत नाही. मला ते कळू शकलं असतं. सांगली काही लांब नव्हती. पुढे नोकरीत असताना मी दोनदा सांगलीला गेले, हरिपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि परत आले.

वसू बरा झाला. हृदय नाजूक राहिलं, पण त्यानं ते सांभाळून नोकरी केली, संसार केला, म्हातारा झाला. माशांची गोष्ट तो फार चांगली सांगायचा. हुद्दे, तीन बरण्या, "मडकी जिंकली", सगळं. आणि शेवटी सांगायचा, आमची पाणी भरणारी बाई चिखलाचा आळस करून आडाचं पाणी ओतत होती, आमच्या ताईनं एवढं शोधून काढलेलं सगळं तिनं घालवलं. त्याची मुलं ऐकायची. मी तिथंच असायची, भात वाढत किंवा भाजी निवडत. एकदा त्यानं मला विचारलं, "ताई, काय गं तिचं नाव?" मी सांगितलं. तेवढंच सांगितलं. ज्या माणसाला मी आयुष्यात सगळ्यात जास्त जपलं, त्याच्या तोंडून मी एका चांगल्या बाईला पन्नास-साठ वर्षं खोटी ठरवू दिलं, आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्याला कळलं असतं तर तो हरिपूरला गेला असता. तो तसा होता.

गेल्या वर्षी वसू गेला. तेराव्याला जेवणं झाल्यावर मंडळी बसली होती, तेव्हा त्याच्या मुलानं वडिलांची आठवण म्हणून तीच गोष्ट सांगितली, आळशी पाणीवालीसकट. वसूची धाकटी नात मांडीवर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "मग त्या बाईला शिक्षा झाली?" सगळे हसले. मी घरी आले आणि काही दिवसांनी हे लिहायला घेतलं. हे त्या मुलीला वाचायला द्यायचं आहे.

काचेची पेटी साताऱ्याला येताना वाटेत फुटली. मडकी सांगलीतच राहिली, हौसाबाईचं पालथं घातलेलं मडकंही. हंडा आईनं माझ्या लग्नात मला दिला. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे. त्यात पाणी भरत नाही.